ब्लॉक काढायचा नव्हता, द्यायचा होता

मुख्य गोष्ट आधी सांगते. मी बरी आहे. गेल्या हिवाळ्यात नगरच्या एका रुग्णालयात माझ्या हृदयाचा ताल पुन्हा पुन्हा सुटत होता आणि औषधांना दाद देत नव्हता. तेव्हा मानेतल्या मज्जातंतूंच्या एका गुच्छाजवळ सुई देऊन तो भाग काही काळ बधीर करण्यात आला. त्यानंतर ताल ताब्यात आला. पुढे पुण्यात आणखी एक उपचार झाला. आता मी वर्तमानपत्राच्या कचेरीत अर्धा दिवस कामावर जाते.

ज्यांच्या घरात अशी वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यात डॉक्टरी माहिती फार नाही. ती डॉक्टरांकडूनच घ्यावी. आमच्या बाबतीत जे घडलं, आणि एका शब्दामुळे जे घडता घडता राहणार होतं, तेवढंच यात आहे.

हुरडा

माझ्या छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली, काडेपेटीहून थोडं मोठं एक यंत्र आहे. काही वर्षांपूर्वी एका तापानंतर हृदयाचा स्नायू अशक्त झाला, तेव्हा ते बसवलं. हृदय भलत्याच वेगाने धावू लागलं तर ते विजेचा धक्का देऊन ठोके पूर्ववत करतं. घरात आम्ही त्याला मशीन म्हणतो. बसवल्यापासून त्याने एकदाही धक्का दिला नव्हता. अंग धुताना जखमेची खूण हाताला लागायची, तेवढीच त्याची आठवण.

माझा थोरला भाऊ बबनदादा काष्टीला शेती करतो. दर थंडीत तो आम्हाला हुरड्याला बोलावतो. त्या सकाळी आम्ही आगटीभोवती पोत्यांवर बसलो होतो. वहिनी निखाऱ्यातून कणसं काढत होती, दादा ती हातावर चोळत होता, माझे पती सुधाकर चटणी जास्त तिखट झाल्याची तक्रार करत होते. मी मूठभर हुरडा तोंडात टाकला आणि छातीत आतून कोणीतरी लाथ मारली. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी एवढंच ओरडले, "करंट बसला!"

दादाने ते जसंच्या तसं घेतलं. विहिरीवरच्या मोटरची केबल आमच्या मागून गेली होती.

"खटका पाडा! केबल सोललीय कुठंतरी!" असं ओरडत तो स्वतःच पेटीकडे पळाला, खटका पाडला, आणि वाळकं लाकूड घेऊन मला तारेपासून ढकलायला धावत आला. माझ्याखाली तार नव्हती, पोतं होतं.

"दादा, वायर नाही," सुधाकर म्हणाले, "मशीन आहे."

"कंचं मशीन?"

सुधाकर सांगेपर्यंत दुसरा धक्का बसला.

आम्ही तसेच गाडीत बसून निघालो. मागच्या सीटवर दादा माझा हात धरून होता. वाटेत पुन्हा धक्का बसला तेव्हा त्याने हात झटकला आणि लगेच परत धरला. "मलाबी मुंगी चावल्यावानी झालं," तो म्हणाला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की धरणाऱ्याला त्याने अपाय होत नाही. हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. तरी नगर येईपर्यंत त्याने हात सोडला नाही.

वादळ

अतिदक्षता विभागात मशीनची तपासणी झाली. छातीवर एक चकती ठेवून ते मशीनची नोंद वाचतात. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, "मशीनचं काही चुकलेलं नाही. प्रत्येक धक्का गरजेचा होता. हृदयाच्या खालच्या कप्प्यांचा ताल सुटतोय, एकदा नाही, सारखा. याला आम्ही वादळ म्हणतो."

निदानाचा दिवस म्हणतात तो हा. मला त्यातली दोन वाक्यं लक्षात राहिली. प्रत्येक धक्का गरजेचा होता, म्हणजे प्रत्येक वेळी मी मरणाच्या जवळ गेले होते. आणि मशीन बरोबर वागत होतं, म्हणजे ते पुन्हा तसंच वागणार होतं.

शिरेतून औषधं सुरू झाली. बाहेरूनही धक्का देता यावा म्हणून छातीवर आणि पाठीवर मोठे चिकट पॅड लावले. गुंगीचं औषध होतं, पण झोप नव्हती. धक्का क्षणाचा असतो. दोन धक्क्यांच्या मधला वेळ वाईट. हृदय फडफडल्यासारखं वाटलं की मी पलंगाची कड धरायची आणि थांबायची. कधी काही व्हायचं नाही. कधी व्हायचं. पुढे पुढे औषध बदलायला सिस्टर आल्या तरी अंग ताठ व्हायचं.

बाहेर आमच्या नातेवाइकांमध्ये दुसरंच काही सुरू होतं. वहिनीने गावी फोन करून सांगितलं होतं, "शोभाला सकाळधरनं झटके यायलेत." झटका म्हणजे आपल्याकडे हार्ट अटॅक. मशीनचा धक्का कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. एवढे झटके आल्यावर माणूस राहत नाही, असा हिशेब करून बेलवंडीच्या एका पाहुण्यांनी सुधाकरना फोन केला आणि आवाज खाली आणून विचारलं, "किती वाजता ठेवलंय?"

"काय ठेवलंय?" सुधाकर म्हणाले.

पलीकडचा आवाज एकदम नेहमीसारखा झाला. मग, "न्हाई, भेटायला यायची वेळ इचारतो."

सुधाकर शाळेत भूगोल शिकवतात. सरळ माणूस आहेत. त्यांनी भेटीची वेळ सांगून टाकली. दोन गाड्या भरून माणसं आली. त्यातल्या काहींनी पांढरे कपडे घातले होते. मी जिवंत असल्याचं कळल्यावर ती सगळी रुग्णालयासमोर चहा पिऊन परत गेली. हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर हसले असते की नाही, सांगता येत नाही.

शब्द

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सुधाकरना आणि दादाला आत, माझ्या पलंगाजवळ बोलावलं. औषधं वाढवूनही ताल सुटतच होता. त्याचं कारण त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. माणूस घाबरला की मेंदूकडून मानेतल्या नसांमार्फत हृदयाला हुकूम जातो, पळ. आजारी हृदय तो हुकूम झेलू शकत नाही, ताल सुटतो. ताल सुटला की मशीन धक्का देतं. धक्क्याने माणूस आणखी घाबरतो. हे चक्र कुठेतरी तोडायला हवं. नाहीतर पूर्ण बेशुद्ध करून श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागेल. पुण्याला हलवायचं तर या अवस्थेत रस्ता धोक्याचा.

एवढं सांगून हृदयरोगतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णाकडे गेले. पुढचं बोलायला भूलतज्ज्ञ डॉक्टर थांबल्या. तिशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "तर आता आपण यांना डाव्या बाजूने एक ब्लॉक देऊ."

दादा पुढे सरकला. "काय देता?"

"ब्लॉक. मानेतून. इथेच, बेडवर."

"ब्लॉक देता?"

"हो."

आमच्या भागात ब्लॉक या शब्दाला एकच अर्थ आहे. हृदयाच्या नळीतला अडथळा. अमक्याला दोन ब्लॉक निघाले, तमका ब्लॉक काढून आला, असंच बोललं जातं. आमचे वडील तात्या ब्लॉकने गेले. तपासणीत तीन निघाले होते, काढायच्या आधीच ते गेले. दादाने तो शब्द तेव्हापासून घरात कोणाला उच्चारू दिलेला नाही.

"बाई," तो म्हणाला, "लोकं हितं ब्लॉक काढाया येत्यात. तुमी घालाया निघाल्या?"

डॉक्टरांना वाटलं हा धोक्याबद्दल विचारतो आहे. त्यांनी प्रामाणिकपणे धोका सांगितला. सुई मोठ्या रक्तवाहिनीच्या जवळून जाते, पण सोनोग्राफीत बघत बघत देतात. आवाज काही तास बसेल. डाव्या डोळ्याची पापणी खाली येईल. "आणि पापणी खाली आली," त्या समाधानाने म्हणाल्या, "की समजायचं ब्लॉक नीट बसलाय."

"ऐकलं का पाव्हनं? नीट बसलाय म्हनत्यात!"

"दादा, त्या डॉक्टर आहेत," सुधाकर म्हणाले.

"तात्याच्या टायमाला कोन हुते, कंडक्टर?"

मला गुंगीचं औषध चालू असल्याने संमतीची सही सुधाकरांची लागणार होती. आणि आमच्या लग्नापासून सुधाकरांनी माझ्या माहेरच्या कोणत्याही बाबतीत दादाचा शब्द मोडलेला नाही. ते पेन हातात घेऊन उभे राहिले.

"मग काय करायचं ते तुम्हीच सांगा."

"मी काय सांगू? तुमी तिला पेपरात रातपाळ्या करू दिल्या तवाच मी म्हनलं हुतं, तब्येतीची माती हुईल."

"करू दिल्या? तिने मला कधी विचारलं होतं का?"

"नवरा हाय ना तुमी?"

"भाऊ आहात ना तुम्ही? तुम्हाला तरी विचारलं का?"

दोघंही खरं बोलत होते. दोघंही रात्रभर बाकावर बसून होते, दोघांनी धड खाल्लं नव्हतं. आणि दोघांतला कोणीही माझ्याकडे बघत नव्हता. डॉक्टर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होत्या. एवढी साधी गोष्ट का अडली आहे हे त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं. मी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढायला हात उचलला आणि त्याच वेळी धक्का बसला.

दोघांनी मला धक्का बसताना शेतात आणि गाडीत पाहिलं होतं. आतल्या शांततेत, यंत्रांच्या उजेडात पाहिलं नव्हतं. दादा मागच्या भिंतीला टेकला.

थोडा श्वास आल्यावर मी मास्क खाली ओढला. "दादा, तुझी दाढ."

"आं?"

"श्रीगोंद्याला दाढ काढली. आधी सुई दिली होती ना?"

"आता दाढ कुठं आली मधीच, शोभे? गप पड."

"दिली होती ना?"

"व्हय. निम्मा गाल मेल्ता. च्या पिलो तर सगळा सदऱ्यावर."

"तीच सुई. हिरडीत न देता मानेत. मानेतली नस झोपवतात, मग ती हृदयाला पळ म्हणत नाही. त्याला हे लोक ब्लॉक म्हणतात. तात्यांचा ब्लॉक वेगळा."

दादा डॉक्टरांकडे वळला. "दाढंवानी?"

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "औषधसुद्धा त्याच जातीचं."

"उतरतं ना पुना?"

"उतरतं. फार तर एक-दीड दिवसात."

"मंग तसं बोला की, बाई! मगाधरनं ब्लॉक ब्लॉक लावलंय." मग सुधाकरना, "पाव्हनं, पेन धरून काय उभं राह्यलाय? करा सही!"

डॉक्टर हसल्या. पुण्यामुंबईत शिकलेल्या, आमच्या भागात नव्याने आलेल्या. त्या म्हणाल्या की यापुढे त्या घरच्यांशी बोलताना हा शब्द वापरणार नाहीत.

सुई

प्रक्रियेबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून जेवढं आठवतं तेवढं सांगते. मान उजवीकडे वळवली. गार जेली लावली. सोनोग्राफीचं यंत्र मानेवर टेकलं. डॉक्टर म्हणाल्या, "आता बोलायचं नाही, खोकायचं नाही, गिळायचंही नाही." गिळू नका म्हटलं की तोंडात पाणी जमतंच. सुई टोचली ती मधमाशीसारखी, पुढे नुसता दाब. सिस्टर मार्था यांनी माझा हात धरला होता. त्या माझ्याशी नाही, पडद्यावरच्या ठोक्यांशी बोलत होत्या. "शहाण्यासारखं चाला," असं काहीतरी त्या हळू आवाजात म्हणत होत्या.

थोड्या वेळाने डावा हात ऊबदार झाला. उन्हात धरल्यासारखा. डावी नाकपुडी चोंदली. बोलले तर आवाज घोगरा. मग डोळ्यावर काहीतरी उतरलं.

डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. "पापणी पडली," त्या म्हणाल्या. सिस्टर मार्थांनीही वाकून पाहिलं आणि हसल्या. कोणाचा चेहरा एका बाजूने उतरलेला पाहून दोन माणसं इतकी खूश झालेली मी आधी पाहिली नव्हती.

काचेपलीकडून सुधाकर पाहत होते. त्यांना पापणीबद्दल सांगितलेलं होतं, पण सांगितलेलं वेगळं आणि बायकोचा चेहरा वेगळा. ते खाली बसले. दादा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून समजावत होता. आवाज ऐकू येत नव्हता, पण तो स्वतःचा गाल ओढून दाखवत होता.

दुपार झाली. धक्का बसला नाही. पडद्यावर अधूनमधून एखादा वेडावाकडा ठोका यायचा आणि एकटाच निघून जायचा. मी पलंगाची कड धरलेली होती. कधी सोडली ते कळलं नाही, कारण मी झोपले होते. शेतात गेलो त्या सकाळनंतरची ती पहिली झोप.

उघडलेला डोळा

यापुढचं मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते नीट लिहिते.

पापणी खाली होती तोवर सुईचा असर होता. ती वर येऊ लागली की असर उतरायला लागला. चेहरा पूर्ववत होणं ही घरच्यांसाठी आनंदाची गोष्ट. माझ्यासाठी ती पहाऱ्यावरचा माणूस घरी निघाल्याची खूण होती.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी दादा आत आला आणि दारातूनच म्हणाला, "डोळा उघडला! देव पावला."

मी तोंड फिरवलं. सुधाकरांनी त्याला हळू बोलायची खूण केली. त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. दादाला समजेना. "काय झालं? चांगलं न्हाई का?"

भूलतज्ज्ञ डॉक्टरच तिथे आल्या. त्यांनी समजावलं. सुईने जो वेळ मिळाला त्यात औषधं अंगात मुरली आहेत. रक्तातल्या क्षारांची कमतरता भरून काढली आहे. आता ताल स्वतःच्या बळावर टिकतो का पाहायचं. टिकला नाही तर सुई पुन्हा देता येते.

"म्हंजी अजून पार पडलं न्हाई," दादा म्हणाला.

"आजचा दिवस बघू."

तो दिवस लांब होता. मी सिस्टर मार्थांकडे आरसा मागितला. त्यांनी पर्समधला छोटा आरसा दिला. मी दर थोड्या वेळाने पापणी बघत होते. मनातून मी तिला खालीच राहायला सांगत होते. बरं दिसण्याची मला भीती वाटत होती, हे आता लिहायला विचित्र वाटतं, पण तसं होतं.

"दोन्ही डोळे सारखे व्हायला लागले आणि तुम्ही तोंड पाडून बसलात," सिस्टर म्हणाल्या. "आरसा द्या इकडे. मला माझी टिकली बघायचीय."

त्यांनी टिकली लावलेली नव्हती. त्या लावत नाहीत. आरसा मात्र परत दिला नाही.

सुधाकरांना त्या दिवशी थोडा जास्त वेळ बसू दिलं. त्यांनी एकदा विचारलं, "रात्रपाळीबद्दल मी बोललो ते ऐकलंस?"

"ऐकलं."

"खरंच तू विचारलं नव्हतंस."

"आता विचारते. बरी झाले तर दिवसपाळीला जाऊ का?"

"जा," ते म्हणाले. मग पडद्याकडे पाहत राहिले. ठोके एका ओळीत चालले होते.

संध्याकाळपर्यंत डोळा पूर्ण उघडला. हात दुसऱ्या हाताइतकाच गार झाला. पहारा संपला होता. ताल सुटला नाही.

घरच्यांसाठी

मशीन असलेल्या माणसाला एक धक्का बसला आणि नंतर बरं वाटत असेल, तर डॉक्टरांना फोन करावा. एकामागून एक बसले, किंवा एका धक्क्यानंतरही चक्कर, धाप, छातीत दुखणं राहिलं, तर फोनवर बोलत बसू नये. थेट रुग्णालय गाठावं. शक्य तिथे रुग्णवाहिका बोलवावी; आम्ही घाईत स्वतःच्या गाडीने निघालो, ते बरोबर नव्हतं. नातेवाइकांना सांगताना 'झटका' म्हणू नये. 'मशीनने धक्का दिला' म्हणावं, म्हणजे पांढरे कपडे घालून कोणी येणार नाही. डॉक्टरांचा शब्द कळला नाही तर मान डोलवू नये. दादासारखं भांडलं तरी चालेल, पण त्यांनी काय ऐकलं आणि आपण काय ऐकलं हे एकदा मोठ्याने बोलून घ्यावं. आणि धक्के थांबल्यानंतरही भीती बराच काळ राहते. ती थोतांड नाही. तिच्यासाठीही डॉक्टर असतात. मी गेले, उपयोग झाला.

आभार मानायची माणसं या मजकुरात आलीच आहेत. एवढंच म्हणते की त्यांतल्या प्रत्येकाने ऐन वेळी आपलं काम केलं, आणि दादाने दोनदा केलं. एकदा हात धरून, एकदा ऐकून.

पॅड

डोळा उघडल्याच्या दुसऱ्या सकाळी हृदयरोगतज्ज्ञांनी पडद्यावरची नोंद पाहिली आणि सिस्टर मार्थांना म्हणाले, "पॅड काढा." दुसरं काही म्हणाले नाहीत. बाहेरून धक्का द्यायची गरज आता वाटत नाही, असा त्याचा अर्थ.

ते पॅड इतक्या दिवसांत कातडीला घट्ट बसले होते. "ओरडायचं असेल तर ओरडा," सिस्टर म्हणाल्या आणि छातीवरचा पॅड एका बाजूने धरून ओढला.

"आई गं!"

दार उघडून दादा आत आला. मागे सुधाकर. "काय झालं? बसला का पुना?"

"कुठे बसलाय," सिस्टर म्हणाल्या. "चिकटपट्टी काढतेय."

छातीवर लालभडक चौकोन उठला होता. कातडी आग आग करत होती. मी पडद्याकडे पाहिलं. त्या ओरडण्याने ठोके थोडे वाढले होते, आणि सगळे एका मागोमाग एक नीट येत होते. मी ओरडले होते, घाबरले होते, आणि हृदयाने ते झेललं होतं.

दादा जवळ आला. "लई दुखतंय का गं?"

"लई दुखतंय," मी म्हणाले, आणि पाठीवरचा पॅड काढायला सिस्टरांकडे पाठ केली.